परवान्याची रात्र

चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून वीर नरिमन रस्त्यानं समुद्राकडे चालू लागलं, की मरीन ड्राइव्ह पाच-सात मिनिटांवर आहे. साठच्या दशकात एवढंसं अंतर कापायला शौकिनांना अख्खी रात्र पुरत नसे.

या रस्त्याच्या टोकाला, समुद्राकडे तोंड करून सूना महाल उभा आहे. १९३७ सालची इमारत. गोलसर कोपरा, वर बुरुजासारखा मनोरा. आर्ट डेको शैलीचा नमुना म्हणून लोक आता थांबून तिचे फोटो काढतात. तळमजल्यावर काचेपलीकडे पिझ्झा खाणारी कुटुंबं दिसतात. त्याच काचेमागे पूर्वी ‘टॉक ऑफ द टाउन’ होतं. कांजीवरम साडी, मोठं कुंकू आणि भरदार आवाज घेऊन उषा उत्थुप तिथं इंग्रजी गाणी गायच्या. पुढं त्या जागी ‘नॉट जस्ट जॅझ बाय द बे’ आलं आणि नंतर ‘पिझ्झा बाय द बे’. जॅझ गेलं, पिझ्झा आला, ‘बाय द बे’ तेवढं राहिलं. समुद्र कुठं जाणार?

मुंबईच्या जुन्या रात्रींचा विषय कुठंही काढावा, आधी हाती लागते ती नावांची माळ. ऐंशीच्या घरातला माणूस व्हेनिस, बॉम्बेलीज, लिटल हट म्हणेल. साठीतला ब्लो-अप आणि स्टुडिओ २९ म्हणेल. पन्नाशीतला घेट्टो आणि आरजीज, चाळिशीतला ब्लू फ्रॉग. प्रत्येकाची खात्री एकच, की खरी मुंबई त्याच्या वेळी होती आणि ती त्याच्या लग्नाच्या आगेमागे संपली. हा वयाचा गुण आहे, त्यात वाद घालण्यात अर्थ नाही. पण या माळेतलं कुठलंही नाव उचलून त्याच्या मागं जावं, तर तिथं गाणं, नाच किंवा दारू याआधी एक सरकारी कागद भेटतो. तो कधी परवाना असतो, कधी बंदी, कधी घड्याळाचा हुकूम. उर्दूत परवाना म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग आणि सरकारी मराठीत परवाना म्हणजे लायसन्स. मुंबईच्या रात्रीला दोन्ही अर्थ लागू पडतात.

कोरड्या राज्यातला ओला रस्ता

वीर नरिमन रस्त्याचं जुनं नाव चर्चगेट स्ट्रीट. हा भाग भराव घालून मिळवलेल्या जमिनीवरचा. इमारती नव्या, भाडेकरू नवे, आणि जवळच क्रिकेट क्लब, इरॉस सिनेमा, मोठी हॉटेलं. पन्नास-साठच्या दशकांत या रस्त्यावर आणि त्याला लागून असलेल्या जमशेदजी टाटा रस्त्यावर जागोजागी बँड वाजत. अँबॅसडर हॉटेलातल्या ‘द अदर रूम’मध्ये पियानोवादक टोनी पिंटो यांचा बँड होता. अ‍ॅस्टोरिया हॉटेलच्या ‘व्हेनिस’मध्ये ख्रिस पेरी ट्रम्पेट वाजवायचे. शेजारच्या रिट्झमध्ये ‘लिटल हट’ होतं. १९५६ साली सुरू झालेलं गेलॉर्ड सिनेमावाल्यांचं आवडतं. शंकर-जयकिशन जोडीतले जयकिशन तिथले नेहमीचे. १९७१ साली ते गेल्यावर त्यांचं टेबल काही दिवस मेणबत्ती लावून रिकामं ठेवलं होतं, असं सांगतात.

हे सगळं ऐकताना एक गोष्ट विसरायला होतं. मुंबई तेव्हा दारूबंदीत होती.

मुंबई प्रांतात काँग्रेस सरकारनं १९३९च्या ऑगस्टमध्ये शहरापुरता पहिला प्रयोग करून पाहिला होता. खातं डॉ. गिल्डर या पारशी मंत्र्याकडं, आणि विरोधात सर्वांत पुढं पारशी समाजच, कारण ताडी-दारूच्या धंद्यात तो मोठ्या प्रमाणावर होता. सरकारनं काही महिन्यांतच राजीनामा दिला आणि प्रयोग गुंडाळला गेला. स्वातंत्र्यानंतर मात्र मोरारजी देसाईंनी तो नेटानं पुन्हा मांडला. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि पुढच्या वर्षापासून बंदी पूर्ण झाली. एफ. एन. बलसारा नावाच्या गृहस्थांनी तिला न्यायालयात आव्हान दिलं. आपल्याला व्हिस्की, ब्रँडी, बिअर वापरण्याचा हक्क हवा, आणि शिवाय यूडी कोलोन आणि लॅव्हेंडर वॉटरसुद्धा, असं त्यांचं म्हणणं. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी उचलून धरली, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि सुगंधी द्रव्यं तिच्यातून सोडवली. घटनेच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात. प्यायला मिळालं नाही तरी अंगाला लावायला मिळालं, एवढं बलसारांचं यश.

मग चर्चगेट स्ट्रीटवर लोक करत काय होते? कॉफी पीत होते. कोल्ड कॉफी, ताजं लिंबू सरबत, आइस्क्रीम. दारूचा गल्ला बंद झाला तेव्हा गिऱ्हाइकाला दुसरं काहीतरी द्यावं लागलं आणि ते म्हणजे संगीत आणि नाचायला गुळगुळीत फरशी. मोठ्या हॉटेलांत परदेशी पाहुण्यांसाठी आणि परवानाधारकांसाठी आडोशाला एक खोली असे, पण हॉलमधल्या टेबलांवर उघडपणे कप-बशाच. रविवारी दिवसाउजेडी ‘जॅम सेशन’ होत. कॉलेजची पोरंपोरी त्यांना गर्दी करत. बंदी नसती, तर पन्नासच्या दशकात किती आयांनी मुलींना तिथं पाठवलं असतं, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

याची दुसरी बाजूही आहे. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या पुस्तकात मुंबईच्या जॅझचा काळ खोदून काढला. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी बँड ताजमध्ये वाजवायला आला, टेडी वेदरफर्ड हे पियानोवादक मागोमाग आले. अमेरिकेत वर्णभेद सोसणाऱ्या या कलावंतांना वसाहतीतल्या मुंबईत मान मिळाला. गोव्याच्या वादकांनी त्यांच्याकडून ते संगीत कानांनी उचललं. पण ती भरभराट राजेरजवाड्यांच्या आणि साहेबांच्या खर्चावर होती. साहेब गेले, संस्थानं गेली, वर दारूबंदी आली. मोठाल्या बँडचा खर्च हॉटेलांना झेपेना. वादक चर्चगेटच्या छोट्या जागांत विखुरले, आणि त्याहून जास्त संख्येनं ताडदेव-दादरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत.

नोटेशन वाचणारी माणसं

त्यांचा पत्ता धोबीतलाव. मेट्रो सिनेमाच्या चौकातल्या जेर महाल या जुन्या इमारतीत गोव्याच्या गावांचे ‘कूड’ आहेत. कूड म्हणजे गावकीनं चालवलेलं वसतिस्थान: एक लांब खोली, भिंतीकडेला पेट्या, समोर देव्हारा. बोटीवर जाणारा खलाशी, आचारी, वादक, कुणीही मुंबईत उतरला की आपल्या गावच्या कुडात पथारी टाकायचा. संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सगळ्यांनी म्हणायची. प्रार्थना आटोपून काळा सूट चढवायचा, पेटी उचलायची आणि नाचघरात जाऊन अमेरिकी स्विंग वाजवायचं. यात काही विसंगती आहे असं त्या माणसांना वाटल्याचं दिसत नाही. मुळात ते वाजवायला शिकले होते चर्चमध्येच.

पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळेत, ‘इश्कोल पारोकियाल’मध्ये, पोराला व्हायोलिन आणि सोल्फेज शिकवत. कागदावरचं स्टाफ नोटेशन पाहून वाजवणं त्याला पाढ्यांसारखं यायचं. हिंदी सिनेमाच्या संगीतकारांना चाल सुचायची, पण चाळीस वादकांच्या ताफ्यासाठी ती कागदावर कोण उतरवणार? अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशा गोव्याच्या अरेंजरांनी ते केलं. दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेल. एकाच माणसाच्या ओठांतून सकाळी विरहगीताचा तुकडा आणि रात्री फॉक्सट्रॉट.

आल्डोना गावचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यातलं सर्वांत झगमगीत नाव. जग त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखे. ट्रम्पेट, आणि लुई आर्मस्ट्राँगची ढब. अपोलो बंदरावरच्या ग्रीन्स हॉटेलात त्यांचा बँड होता, पुढं ताजमध्ये. ग्रीन्स पाडलं गेलं. ताजचा उंच मनोरा उभा आहे ती त्याचीच जागा. चिक चॉकलेट यांची गाठ पडली सी. रामचंद्र यांच्याशी. पुणतांब्याचा हा मराठी माणूस कानांनी फार धीट होता. ‘अलबेला’ (१९५१) पाहताना भगवानदादा आणि गीता बाली यांच्या मागं झालरीच्या बाह्या लावून वाजवणारा बँड दिसतो, तो चिक चॉकलेट यांचा. महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या तंबूत बसून ज्यांनी तो सिनेमा पाहिला, त्यांनी चर्चगेटला पाऊल न ठेवता मुंबईचा नाइटक्लब पाहिला होता.

ख्रिस पेरी आणि लोर्ना यांची गोष्ट तर दंतकथाच झाली. मडगावचे पेरी, मुंबईच्या गल्लीत वाढलेली लोर्ना कोर्देरो. व्हेनिसमध्ये ती इंग्रजी गायची, आणि दोघांनी मिळून केलेल्या कोंकणी गाण्यांच्या तबकड्यांनी गोंयकाराला वेड लावलं. ‘बेबदो’ हे त्यांतलं अतिशय गाजलेलं गाणं. बेबदो म्हणजे दारुडा! नंतर त्यांचं फाटलं. लोर्ना अनेक वर्षं मंचावर दिसली नाही. १९९५च्या सुमारास परतली. बार्द्रॉय बार्रेटो यांचा ‘नाचुंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट याच नात्यावर बेतलेला आहे. अ‍ॅस्टोरिया हॉटेल आजही जमशेदजी टाटा रस्त्यावर आहे. लोक खोली घेतात, सकाळी नाश्ता करून कामाला जातात.

आंटी आणि परमिट

दारूबंदीत दारू मात्र होती. फक्त तिचा पत्ता बदलला.

धोबीतलाव, माहीम, वांद्र्याची गावठाणं, धारावी. तळमजल्यावरची खोली, आत दोन बाकडी, उकडलेली अंडी नाहीतर चणे, आणि मालकीण: आंटी. मालाची नावं फळबाजारातली, नारंगी आणि मोसंबी. फळाशी संबंध असलाच तर सालीपुरता. हप्ता ठरलेला, छापा ठरलेला, छाप्याची खबरही ठरलेली. हिंदी सिनेमानं यातून फुलाफुलांच्या फ्रॉकमधली विनोदी आंटी घडवली. घर चालवायला दुसरा मार्ग नाही म्हणून घराच्या पुढच्या खोलीत धंदा मांडणाऱ्या बाईचं पात्र त्यानं लिहिलं नाही. ‘बिझीबी’ या नावानं लिहिणाऱ्या बेहराम कॉन्ट्रॅक्टर यांनी त्या जगाला आपल्या स्तंभात मायेनं जागा दिली, एवढंच. वर पुरवठ्याच्या टोकाला वरदराजन मुदलियारसारखी माणसं मोठी होत होती. मुंबईच्या संघटित गुन्हेगारीच्या पायाभरणीत दारूबंदीचे दगड किती, याचा हिशेब पोलिसांच्या आठवणींत वारंवार येतो.

कायदेशीर मार्ग होता तो कागदाचा. आरोग्य टिकवण्यासाठी मद्य आवश्यक आहे, असं दाखवून परवाना घ्यायचा. त्यासाठी डॉक्टरचा दाखला. धडधाकट माणसानं स्वतःला आजारी ठरवून घ्यायचं आणि मग निरोगी मनानं प्यायचं. साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत बंधनं सैल होत गेली, आणि सत्तरीत ‘परमिट रूम’ हा शब्द पाटीवर आला. मुळात अर्थ साधा: परवानाधारकांची खोली. मराठी माणसानं तो उच्चारता उच्चारता ‘परमिट’ एवढाच ठेवला. ‘परमिटला बसलो होतो’ या वाक्यात कुठलंही परमिट नसतं.

असं वाटतं खरं, पण असतं. १९४९चा कायदा रद्द झालेला नाही. त्याचं नाव आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा, आणि त्याच्याच आधारानं राज्यभर दारू विकली जाते. परवान्याशिवाय पिणं आजही गुन्हा आहे. एका दिवसाचा परवाना देशीसाठी दोन रुपये, विदेशीसाठी पाच, आयुष्यभराचा हजार. एकदिवसीय परवान्यांची पुस्तकं बार स्वतःच आणून ठेवतात, गिऱ्हाइकाला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. वयाची अट बिअर-वाइनला एकवीस, बाकी सगळ्याला पंचवीस. म्हणजे अठराव्या वर्षी सरकार निवडायचं आणि पेग पंचविसाव्या वर्षी.

जुन्या पब-नाइटक्लबांच्या गौरवगाथांत परमिट रूमला जागा मिळत नाही. हे फार चुकीचं आहे. बँकेतला कारकून, गिरणीतला जॉबर, वृत्तपत्रातला उपसंपादक, नाटकातला नट यांची रात्र चर्चगेटला नव्हती. ती इथं होती. बहुतेक मालक उडुपी-मंगळूरकडचे शेट्टी. काचा काळ्या, आत मिणमिणता लाल-पिवळा दिवा, एसीचा वास, वर ‘फॅमिली रूम’. संगीत नाही, असलंच तर कोपऱ्यातला टीव्ही. मागणी मापात: क्वार्टर, नाइन्टी, साठ. सोबत चकणा फुकट. शेंगदाणे, काकडी, उकडलेले चणे, नशीब असेल तर पापड. वेटर गिऱ्हाइकाचा ब्रँड, त्याची सोड्याची पद्धत आणि उधारी तिन्ही लक्षात ठेवी. बाई या चित्रात जवळजवळ कुठंच नाही, आणि या आठवणी सांगणाऱ्या पुरुषांना ते खटकल्याचं ऐकिवात नाही.

बहात्तर साल

१९७२च्या ऑक्टोबरमध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत होते. भारतीय वादकांबरोबर त्यांनी काही ध्वनिमुद्रण केलं, आणि एका रात्री कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या छोट्या डिस्कोत जाऊन तिथल्या बँडची वाद्यं घेऊन वाजवलं. जगातल्या सर्वांत महागड्या बँडचे दोघे, मोबदला एक बाटली व्हिस्की, असं सांगितलं जातं. ऐकणारे मूठभर. आज त्या रात्री तिथं हजर असल्याचं सांगणाऱ्यांची संख्या स्लिप डिस्कच्या क्षमतेहून नक्कीच जास्त भरेल.

त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा, कामाठीपुऱ्याच्या जगाचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. त्याच वर्षी महाराष्ट्रात असा दुष्काळ होता, की खेड्यातली माणसं खडी फोडायला रस्त्याच्या कामांवर गेली. कुलाब्यापासून कामाठीपुरा पाच-सहा किलोमीटर. शहराच्या रात्रीचं वर्णन करायचं म्हणून कुणी त्या वर्षीची फक्त स्लिप डिस्क सांगत असेल किंवा फक्त गोलपिठा, तर तो अर्धी रात्र झोपलेला होता.

डिस्को आणि मांडव

बँड महाग, तबकडी स्वस्त. डिस्कोथेकचं गणित एवढंच होतं. दहा वादकांऐवजी एक डीजे आणि दोन टर्नटेबल. ताजचं ‘ब्लो-अप’ गाजलं. ऐंशीच्या दशकात मरीन ड्राइव्हवरच्या बॉम्बे इंटरनॅशनल हॉटेलात सबीरा मर्चंट यांचं ‘स्टुडिओ २९’ आलं. तिथं पैसे असून भागत नसे, सभासदत्व लागे. दारावरचा माणूस नाव पाहून आत सोडी. सरकारी परवान्याला आता खासगी परवान्याची जोड मिळाली होती, आणि दुसरा मिळवणं पहिल्याहून अवघड.

बाकीच्या महाराष्ट्राला डिस्को मिळाला तो पडद्यावरून. १९८०च्या ‘कुर्बानी’त नाझिया हसनचा आवाज आणि बिद्दूची चाल आली. हा बिद्दू पूर्वी भारतातल्याच क्लबांत गिटार घेऊन गायचा. १९८२ साली ‘डिस्को डान्सर’ आला आणि पुढच्या गणपतीत मांडवामांडवात पांढरी पँट घातलेले मिथुन उभे राहिले. स्टुडिओ २९च्या सभासदांपेक्षा त्या पोरांचा नाच अधिक मनापासूनचा असणार, यावर पैज लावायला हरकत नाही.

नव्वदीत दारं थोडी किलकिली झाली. महालक्ष्मीजवळच्या ‘घेट्टो’त निळ्या दिव्याखाली चमकणाऱ्या रंगांनी भिंती भरलेल्या असत, गाणी साठ-सत्तरच्या रॉकची, आणि कपड्यांवरून कुणाला अडवत नसत. जुहूच्या ‘रॅझबेरी रायनोसरस’मध्ये, म्हणजे आरजीजमध्ये, मुंबईच्या रॉक बँडना स्वतःची गाणी वाजवायला मिळाली, तोवर त्यांच्याकडून परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कलच मागितली जाई. कुलाब्यात मोंडेगारच्या ज्यूकबॉक्सभोवती मारिओ मिरांडांच्या भिंतीवरची चित्रं पाहत बिअर पिणारे विद्यार्थी असत.

आणि आर्थर बंदर रस्त्यावर ‘वूडू’ होतं. इतर दिवशी अगदी साधा, काहीसा कळकट बार. शनिवारी रात्री तिथं समलिंगी पुरुष जमत. कलम ३७७ तेव्हा पूर्ण जिवंत होतं. ते सैल झालं २०१८च्या सप्टेंबरात. आठवड्यातून चार-पाच तास, एका अंधाऱ्या खोलीत, कुणाची नजर न चुकवता नाचता येणं याची किंमत सजावटीवरून ठरत नाही. ही आठवण सांगणारे लोक संगीत कुठलं होतं ते पटकन विसरतात. दारातून आत पाऊल टाकल्यावर काय वाटलं, ते विसरत नाहीत.

रातपाळी

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. गिरणगावाची रात्र त्याआधी कधी अंधारी नव्हती. तीन पाळ्या, भोंगे, रातपाळी सुटलेल्यांसाठी पहाटे उकळणारा चहा, खानावळी, भजनी मंडळं, लालबागच्या न्यू हनुमान थिएटरात तमाशाचे फड. ढोलकीच्या त्या जागेचं पुढं मंगल कार्यालय झालं.

१९९१च्या विकास नियमावलीतल्या कलम ५८नं गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याचा मार्ग उघडला, आणि नव्वदीच्या अखेरीस फिनिक्स मिलमध्ये आधी बोलिंग आणि मग ‘फायर अँड आइस’ नावाचा नाइटक्लब सुरू झाला. शनिवारी रात्री सेनापती बापट मार्गावर गाड्यांची रांग लागू लागली. ज्या फाटकातून पूर्वी कार्ड पंच करून रातपाळी आत जायची, तिथं आता मनगटावर शिक्का मारून माणसं आत सोडत होते. कव्हर चार्ज, ‘कपल्स ओन्ली’, स्टॅग म्हणजे एकट्या पुरुषाला जादा दर किंवा सरळ नकार, बाउन्सर. यातले किती बाउन्सर शेजारच्या चाळींतल्या व्यायामशाळांतून आले, हे कुणी मोजलेलं नाही. पण लोअर परळच्या व्यायामशाळा आणि लोअर परळचे पब यांच्यात अंतर फक्त एका रस्त्याचं आहे.

डिसेंबर २००७मध्ये मथुरादास मिलच्या आवारातल्या जुन्या गोदामात ‘ब्लू फ्रॉग’ उघडलं. उघडणाऱ्यांत ध्रुव घाणेकर आणि आशुतोष फाटक हे संगीतकार होते. वास्तुरचना सेरी आर्किटेक्ट्सची: रंगमंचाभोवती नालेच्या आकारात चढत गेलेल्या गोल बैठका, प्रत्येक बैठक आतून उजळणारी, कुठूनही वादक दिसावा अशी. इथं दारू संगीतासाठी होती, संगीत दारूसाठी नव्हतं. वाद्यमेळाच्या मध्येच मोठ्यानं बोलणाऱ्यांकडं वळून पाहिलं जाई. चर्चगेट स्ट्रीट बंद पडल्यावर एवढ्या नेमानं जिवंत वादन ऐकायला मिळणाऱ्या मुंबईतल्या मोजक्या जागांतली ही एक. २०१६ साली तीही बंद झाली. भाडं, कर, परवाने आणि रोज नवा कलावंत आणण्याचा खर्च हे गणित दारूच्या गल्ल्यावर बसवणं कठीण असतं. पन्नासच्या दशकातल्या हॉटेलवाल्यांनाही, दारूच्या गल्ल्याविना, ते बसवता आलं नव्हतं.

त्याच परिसरात, कमला मिलच्या गच्चीवर, २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री आग लागली. ‘वन अबव्ह’ आणि ‘मोजोज बिस्ट्रो’. हुक्क्याचे निखारे, पेट घेणारं छप्पर, अडलेली वाट. १४ माणसं गेली. परवान्याचा कागद सोय म्हणून नसतो, तर कुणाचा तरी जीव वाचावा म्हणून असतो, ही गोष्ट इतक्या वर्षांच्या हप्तेबाजीत साफ विसरली गेली होती. दुसऱ्या दिवसापासून महापालिकेनं शहरभर बेकायदा शेड पाडायला सुरुवात केली.

कुणाचा नाच

ज्या रात्रींबद्दल कुणी हळवं होऊन लिहीत नाही, त्या डान्स बारच्या. २००५ साली गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकारानं त्यांच्यावर बंदी आली. दुरुस्तीत एक सूट होती: तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना बंदी लागू नाही. गाणं तेच असेल, अंगविक्षेप तेच असतील, पण बाई परमिट रूममध्ये नाचली तर समाज बिघडतो आणि तारांकित हॉटेलात नाचली तर बिघडत नाही. उच्च न्यायालयानं २००६ साली या भेदभावावर बोट ठेवून बंदी रद्द केली; सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ते कायम केलं. मधल्या वर्षांत हजारो बायका कुठं गेल्या, ते त्यांचं त्यांना माहीत. त्यांच्या आठवणींचे मेळावे भरत नाहीत.

२०१२ साली सहायक पोलीस आयुक्त वसंत ढोबळे हॉकी स्टिक घेऊन छापे टाकू लागले, तेव्हा वांद्र्याच्या आणि जुहूच्या पबवाल्यांना १९४९चा कायदा पहिल्यांदा वाचावा लागला. आपल्याकडं पिण्याचा परवाना नाही, हे कित्येकांना पोलिसांकडून समजलं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी आरडाओरड केली, ती रास्तही होती. परमिट रूमवाल्यांना त्यात नवीन काही दिसलं नसणार.

एक आणि दीड

मुंबईत बार बंद करण्याची वेळ रात्री दीड. २०२०च्या जानेवारीत राज्य सरकारनं ‘मुंबई चोवीस तास’ला मंजुरी दिली, ठरावीक भागांतले मॉल, दुकानं, खानावळी रात्रभर उघड्या ठेवायला मुभा. दारूला नाही, तिची वेळ दीडच राहिली. दोन महिन्यांत टाळेबंदी आली आणि चोवीस तास बंद म्हणजे काय, ते शहरानं पाहिलं.

चर्चगेटहून शेवटची लोकल मात्र रात्री एकच्या सुमारास सुटते. कायद्याची रात्र आणि रेल्वेची रात्र यांत अर्ध्या तासाचं अंतर आहे. ज्याची गाडी दाराशी उभी आहे त्याची रात्र दीडला संपते. ज्याला बोरिवलीला जायचंय त्यानं साडेबाराला उठायचं. चर्चगेट स्ट्रीटचे वादक म्हणून तर धोबीतलावला राहत. वाद्याची पेटी उचलून पंधरा मिनिटांत चालत घरी.

कुलाब्यातल्या ताजच्या मागच्या गल्लीत, कुठल्याही परमिट रूममध्ये, रात्री साडेबाराच्या थोडं आधी एक ठरलेली हालचाल सुरू होते. वेटर येऊन हळूच विचारतो, ‘लास्ट ऑर्डर?’ कुणी मान हलवतं, कुणी आणखी साठ मागतं. बिल न मागता टेबलावर येतं. बडीशेपेची वाटी. रस्त्याकडचं शटर निम्मं खाली. आतला मोठा दिवा अचानक लागतो आणि तोवर देखणी वाटणारी खोली एकदम ट्यूबलाइटखाली उघडी पडते: सांडलेला सोडा, शेंगदाण्याची टरफलं, भिंतीवर शेट्टींच्या वडिलांचा हार घातलेला फोटो, त्याखाली काचेच्या चौकटीत परवाना, एफ.एल.-३. कोपऱ्यातली दोन मुलं घड्याळ पाहतात, पैसे मोजायचे तसेच टाकतात, शटरखालून वाकून बाहेर पडतात आणि टॅक्सीला हात करतात, ‘चर्चगेट, पटकन, गाडी पकडायचीय.’